येळवशीचे ताट आणि विकासाचा ताळेबंद

(धाराशिव येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती. त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी शेतातली माती आणली जाते, तीत धान्य पेरले जाते, मध्ये घट बसतो आणि नऊ दिवस ते अंकुर वाढताना घरातली मुले पाहत असतात. आई तुळजाभवानीच्या या भूमीत त्या मातीचे मोल मी वेगळे सांगायला नको. पण नेमक्या त्याच दिवसांत सीना आणि तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांना असा पूर आला की, परांडा आणि भूम तालुक्यांतील कित्येक शेतांत घटासाठी मूठभर घ्यावी इतकीही माती उरली नाही. परांडा तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. उभी पिके गेली, दावणीची जनावरे गेली. आणि सर्वांत मोठे नुकसान पाणी ओसरल्यावर दिसले. जमीन खरवडून गेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात खरवडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे, अशी तरतूद होती. मदत आवश्यकच होती. मला आज आपले लक्ष वेधायचे आहे ते मदतीच्या मागच्या हिशेबाकडे. बुडालेले सोयाबीन त्या वर्षाच्या उत्पन्नात कमी दिसेल, हे बरोबर आहे. पण शेतात पुन्हा गाळ भरण्यासाठी जेसीबी येतील, टिप्पर येतील, डिझेल जळेल, मजुरी दिली जाईल, आणि ही सारी उलाढाल राष्ट्रीय उत्पन्नात मिळवली जाईल. जी माती वाहून गेली ती मात्र कुठेही वजा होणार नाही. एक इंच सुपीक माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. त्या शेकडो वर्षांची नोंद ठेवणारा रकानाच आपल्या हिशेबाच्या वहीत नाही.

आजचा विषय आहे आर्थिक वाढ, हवामानबदल आणि सुख. या तिन्हींविषयी आपल्या मनात काही गृहीतके इतकी पक्की बसली आहेत की, ती तपासून पाहावीत असे आपल्याला वाटतही नाही. पहिले गृहीतक असे की, उत्पन्न वाढले म्हणजे सुख आपोआप मागे चालत येते. दुसरे, हवामानबदल हे इतरांचे पाप आहे, ते त्यांनीच निस्तरावे. आणि तिसरे, जुने दिवस सुखाचे होते, गरिबीत समाधान होते. हे तिसरे गृहीतक आपल्या फार जवळचे आहे, आणि जे जवळचे असते ते आधी तपासावे. म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो.

जुने दिवस खरोखर सुखाचे होते का?

१९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी आम्ही खाल्ली आहे. शाळेत सुकडी मिळायची, आणि त्या सुकडीसाठी शाळेत येणारी मुले माझ्या वर्गात होती. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशाने तेच तत्त्व स्वीकारले. हे श्रेय आपल्या राज्याचे आहे. पण ज्याने ती भाकरी खाल्ली आहे, त्याला गरिबीत समाधान होते असे कोणी सांगू नये.

आमच्या गावात पायऱ्यांची बारव होती. तिचे दगडी बांधकाम आजही पाहत राहावे असे आहे. आज अनेक तरुण मित्र अशा बारवा स्वच्छ करतात, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. पण मला आणखी एक गोष्ट आठवते. लोक त्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवत, आणि पायातून नारू निघालेली माणसे आम्ही लहानपणी पाहत असू. काडीला गुंडाळत गुंडाळत दिवसेंदिवस तो जंत बाहेर काढावा लागे. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. हा विजय आधुनिक आरोग्यसेवेचा आणि सुरक्षित पाण्याचा आहे. स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. नीती आयोगाच्या अभ्यासानुसार २०१३-१४ ते २०२२-२३ या काळात देशातील २४ कोटी ८२ लाख लोक बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर आले. आपला जिल्हा २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. याचा अर्थच असा की, आपल्याला अजून पुष्कळ वाढायचे आहे. म्हणून ‘वाढ थांबवा’ असे जे सांगतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. भरल्या पोटाने उपाशी माणसाला संयमाचा उपदेश करणे, हा अधर्म आहे.

वाढ म्हणजे नेमके काय वाढते?

आता त्याच गावात २०१६ साली या. गोदामात धान्य होते, शिधावाटप दुकानात गहू-तांदूळ होता. विहीर मात्र कोरडी होती. शेजारच्या लातूर शहराला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या दारात टँकरची वाट पाहत बसलेली माझी वृद्ध आई मला म्हणाली, ‘‘बहात्तरला पाणी होतं, दाणा नव्हता. आता दाणा हाय, पर शिजवायचा कशात?’’

चव्वेचाळीस वर्षांचा विकास आणि त्याची मर्यादा आईने एका वाक्यात सांगितली. आपण अन्नाचा प्रश्न सोडवला आणि तो सोडवताना पाण्याचा प्रश्न निर्माण केला. बहात्तरनंतर गावोगाव विंधनयंत्रे आली. सुरुवातीस ती पिण्याच्या पाण्यासाठी होती, पुढे शेतीसाठी आली. आपली जमीन बसाल्टच्या कातळावर आहे. या कातळात पाणी साठते ते बहुतेक वरच्या, झिजलेल्या थरात. खाली भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात काय चालते, ते आपण सारे जाणतो. माझ्या धाकट्या भावाने एकामागून एक तीन बोअर घेतले. दोन कोरडे गेले. तिसऱ्याला दोन वर्षे पाणी लागले, नंतर तोही आटला. कर्ज मात्र राहिले.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या दृष्टीने त्या तिन्ही बोअरनी देशाच्या वाढीत भर घातली. यंत्राचे भाडे, डिझेल, लोखंडी पाइप, कर्जावरचे व्याज, सर्व काही मिळवले गेले. कोरडा बोअर आणि पाण्याचा बोअर यांत या गणिताला फरक दिसत नाही. आईने रांधलेली भाकरी त्यात येत नाही, ढाब्यावरची येते. म्हाताऱ्या सासऱ्याची सेवा सुनेने केली तर ती शून्य. पगारी परिचारिकेने केली तर ती वाढ. हे मोजमाप ज्यांनी रचले त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे इशारा दिला होता की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा निष्कर्ष काढू नये. जगाने आकडा घेतला, इशारा मात्र सोडून दिला.

येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना हे चटकन समजेल. दुकानाचा जमाखर्च वेगळा आणि ताळेबंद वेगळा. दुकानातले कपाट विकले तर त्या दिवशी गल्ल्यात पैसे येतात, पण शहाणा दुकानदार त्याला नफा म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरी तर हे शहाणपण निरक्षर आजीलाही होते. कणगीतले बियाणे विकून दिवाळी करायची नसते. ती दिवाळी गोड असते, पुढचा मृग कडू असतो. आपण राष्ट्र म्हणून जमाखर्च लिहितो आणि ताळेबंद मांडायला विसरतो. माती, पाणी, गायरान, झाडे ही आपली पुंजी आहे. आपले सांख्यिकी मंत्रालय २०१८पासून पर्यावरणाचे वेगळे हिशेब प्रसिद्ध करू लागले आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अजून एकच आकडा येतो.

उसाचेच पाहा. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उसाची पाण्याची गरज त्याच्या तिप्पट. राज्यातील पिकांखालील क्षेत्राच्या सुमारे चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात म्हटले आहे. म्हणून काय ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष द्यायचा? मुळीच नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, घेणारा कारखाना आहे. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. हंगामात बाजार समितीत किती मिळतो, हे येथील प्रत्येकाला माहीत आहे. ज्वारी, तूर, जवस पिकवणाऱ्याच्या मागे जोवर तशीच खात्री उभी राहत नाही, तोवर त्याला पाणी वाचवण्याचा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. शेतकरी वेडा नाही. आपण समाज म्हणून ज्याला भाव देतो, तेच तो पेरतो.

पाऊस पाप-पुण्य पाहत नाही

दुसरे गृहीतक हवामानाविषयीचे. अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू हवेत सोडतो, आपला भारतीय माणूस सुमारे दोन टन. दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून जे संपन्न झाले, त्यांनी आज आपल्याला चुलीच्या धुराचा हिशेब विचारावा, हा अन्याय आहे आणि भारताने तो प्रत्येक जागतिक परिषदेत ठामपणे मांडला पाहिजे. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले, ते आपल्या गरजा आणि आपला क्रम लक्षात ठेवूनच.

पण बंधू-भगिनींनो, न्यायाची लढाई आणि घराची डागडुजी एकाच वेळी करावी लागते. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष होते. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने तापमान सुमारे दीड अंशाने वाढलेले होते. हवा एका अंशाने तापली की, ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस रुसतो तेव्हा दीर्घकाळ रुसतो, आणि येतो तेव्हा महिन्याचा पाऊस एका रात्रीत ओततो. हा पाऊस कोणी किती धूर सोडला याची चौकशी करून पडत नाही. शिकागोच्या धुराची फेड परांड्याच्या शेतकऱ्याला करावी लागते.

याच्याच उलट टोकाला आणखी एक सोयीस्कर समजूत अलीकडे रुजते आहे. काहीही झाले की, हवामानबदलाकडे बोट दाखवायचे आणि मोकळे व्हायचे. २०१६चा दुष्काळ केवळ आभाळाने आणला नव्हता. त्यात आपल्या बोअरचा आणि आपल्या पिकांचा वाटा होता. २०२५चा पूर आभाळाने आणला, पण ओढे बुजवून त्यावर शेत आणि घर कोणी केले? ट्रॅक्टर वळावा म्हणून बांध कोणी कोरले? बांधावरची बाभूळ आणि बोर कोणी तोडली? पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेला पाऊस जमिनीने कसा झेलावा, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

या जिल्ह्याला हे कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारणारे कारागीर येथेच होऊन गेले. तेरणेकाठचे तेर, प्राचीन काळचे तगर, रोमपर्यंत पोहोचणाऱ्या व्यापाराचे केंद्र होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. आपले पूर्वज व्यापारही करत होते आणि संपत्तीही मिळवत होते. संपत्ती हा चार पुरुषार्थांपैकी एक पुरुषार्थ आहे. फक्त तो एकटा नाही. धर्म त्याच्या अलीकडे उभा आहे.

सुख कशात मोजायचे?

आता सुखाकडे येऊ. २०१२पासून जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो. २०२५च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा आहे आणि आपल्याकडे त्यावरून दरवर्षी वाद होतो. या क्रमवारीचा मुख्य आधार एकच प्रश्न असतो : शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही स्वतःला कोठे पाहता? अशा एका प्रश्नावरून संस्कृतीचे मोजमाप होत नाही, हे मान्य. परंतु क्रमांक आवडला नाही म्हणून अहवाल फेकून देणे, हेही शहाणपणाचे नाही. त्याच अहवालात एक निरीक्षण आहे. जे लोक इतरांसोबत जेवतात, ते एकट्याने जेवणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळतात. आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, अमेरिकेत, दिवसाची सर्व जेवणे एकट्याने करणाऱ्यांचे प्रमाण २००३नंतरच्या वीस वर्षांत निम्म्याहून अधिक वाढले आहे.

रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवले की, एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतो. पण संपूर्ण देश श्रीमंत होत गेला तरी सरासरी सुख त्या प्रमाणात वाढत नाही. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यामागचे एक कारण मात्र आपण रोज अनुभवतो. शेजाऱ्याच्या दारात चारचाकी आली की, आपली दुचाकी जुनी होते. भूतानने उत्पन्नाऐवजी राष्ट्रीय आनंद हे ध्येय मानले आणि २००८च्या राज्यघटनेत त्याला स्थान दिले. मात्र अलीकडच्या वर्षांत त्याच भूतानमधील हजारो तरुण रोजगारासाठी ऑस्ट्रेलियाला गेले. म्हणजे रोजगाराविना आनंदही टिकत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत हेच सूत्र मांडले होते. अर्थाचा अभाव माणसाला धर्मापासून ढळवतो आणि अर्थाचा प्रभावही ढळवतो. आपल्या चर्चा यांपैकी कुठल्यातरी एकाच टोकावर थांबतात.

हे टोक टाळून पाहायचे असेल, तर लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला जा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपण विसरलेलो नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वरचे माळवद, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, त्यांनीच त्या पहाटे हजारो माणसांना गाडले. जुने ते सोने म्हणणाऱ्याने ही पहाट आठवावी. नंतर नवी गावे वसली. भूकंपरोधक घरे आली, सरळ रुंद रस्ते आले. तिथली एक आजी मला म्हणाली, ‘‘घर पक्कं मिळालं, रात्री भ्या वाटत नाही. पण पहिलं अंगणातून हाक मारली की चार घरं ओ द्यायची; आता हाक पोचत नाही.’’ ती नव्या घरावर नाराज नव्हती. तिला घरही हवे होते आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारही. माझ्या मते सुखाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही : रात्री भय नसावे आणि हाकेला ओ देणारे कोणी असावे.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत १९९३पासून पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांच्या मुलांसाठी जे काम उभे राहिले, त्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. १८७१च्या इंग्रजी कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांच्या लेकरांचे नाव शाळेच्या हजेरीपटावर लागणे, कोणी त्यांना आपले म्हणणे, हे कुठल्या उत्पन्नाच्या आकड्यात येणार? पण ज्या समाजात ते घडत नाही, त्या समाजाचा दर आठ टक्के असो वा दहा, त्याला सुखी म्हणता येणार नाही.

मग करायचे काय?

प्रश्न मांडून निघून जाणे सोपे असते. म्हणून घडलेली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले याच जिल्ह्यातले. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम येथे उभे राहिले. सततच्या दुष्काळात या संस्थेशी जोडलेल्या भगिनींनी घरच्या जमिनीतला एखादा एकर आपल्या निर्णयाने कसण्यासाठी मागितला. त्यात नगदी पिकाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला अशी घरात खाल्ली जाणारी मिश्र पिके घेतली, शेणखत आणि घरचे बियाणे वापरले. पाऊस ओढला तरी एखादे पीक हाती लागते, बाजार पडला तरी घरचे ताट रिकामे राहत नाही. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात पुरस्काराहून महत्त्वाचे वाटते ते हे की, जिच्या नावावर बहुधा सातबारा नसतो, तिच्या हाती एका एकराचा निर्णय आला. भूमिहीन भगिनींच्या दारातली उस्मानाबादी शेळीही अशीच. झुडपी पाल्यावर जगते, बहुधा जुळी देते, अडचणीला पैसा उभा करते. ही पुंजी वाढवणारी वाढ आहे.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. आपल्याहूनही कमी पावसाचे गाव. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी बंद केली, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. पाणी किती आहे ते पाहून पिके ठरतात. शहरात गेलेली कुटुंबे गावी परतली. या गावाने वाढ सोडली का? नाही. त्याने आधी ताळेबंद मांडला आणि मग वाढला.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, आपापल्या गावात हे तीन ताळेबंद वर्षातून एकदा मांडले जावेत. मातीचा : किती बांध शाबूत, किती ओढे मोकळे. पाण्याचा : पाऊस किती, उपसा किती. आणि माणसांचा : किती घरांत एकटी म्हातारी माणसे आहेत, किती मुले शाळेबाहेर आहेत, कोणाच्या हाकेला ओ मिळत नाही. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीय बंधूंनीही हा विषय खेड्याचा म्हणून सोडून देऊ नये. ज्वारीला भाव मिळायचा असेल, तर ज्वारी शहरातल्या ताटात आली पाहिजे.

शेवटी ताटाचाच विषय. मार्गशीर्षातली अमावास्या, आपली येळवस, जवळ आली की परगावी असलेली लेकरे रजा काढून येतात. शेतात कडब्याची खोप उभी राहते, तिच्यात पांडव पूजले जातात, भज्जी, आंबिल, उंडे, खीर असे जेवण मांडले जाते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून जेवू घातले जाते. मला वाटते, आपल्या पूर्वजांनी आपल्याला दिलेला हाच वार्षिक ताळेबंद आहे. आंबिलीला ज्वारी आणि ताक हवे, म्हणजे शेतात रब्बी आणि दावणीला दुभते हवे. भज्जीला ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे दाणे हवेत, चार प्रकारच्या भाज्या हव्यात, म्हणजे शेतात एकच एक पीक असून चालत नाही. खोपीला कडबा हवा. आणि वाढायला माणसे हवीत.

यंदाच्या येळवशीला जेवायला बसण्यापूर्वी घरच्यांनी एक करावे. ताटातल्या पदार्थांकडे पाहून मोजावे : यातले किती आपल्या शिवारातून आले आणि किती बाजारातून विकत आणले? कडबा घरचा की मागून आणलेला? आणि पंगतीला कोण नाही, ते का नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांसमोर, मोठ्याने द्यावीत. गेल्या वर्षीपेक्षा ती उत्तरे बरी असतील, तर आपला विकास झाला. नसतील, तर बँकेत कितीही रक्कम असो, आपण कणगीतले बियाणे खात आहोत.

पुढच्या घटस्थापनेला आपल्या प्रत्येकाच्या शेतात घटापुरती माती असो, एवढीच आई जगदंबेच्या चरणी प्रार्थना करतो आणि थांबतो.